पुढची जिप्सी थांबली म्हणून

"तुमचं बारा आहे जी, आणि नागपूरवाल्याचं एकेचाळीस. मग पर्यटक तुमच्याकडे येतील कसे?"

ताडोबाजवळ मोहर्लीच्या वाटेवर माझ्या ओळखीच्या एका माणसाचं चार खोल्यांचं होम-स्टे आहे. त्याच्या ओसरीवर बसून एक तरुण त्याला हे सांगत होता. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल-हिरवं चाक, चाकाच्या मधोमध बाराचा आकडा. वर्षाचं पॅकेज घेतलं तर सहा महिन्यांत तीसच्या वर नेऊन दाखवतो, असा त्याचा शब्द होता. पोरगा दहावीत नापास झाल्यावर बापाचा चेहरा होतो, तसा मालकाचा झाला होता. तरुण चहा पिऊन गेल्यावर त्याने मला विचारलं, "भाऊ, आपण खरंच इतके बेकार आहो का?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो तरुण लबाड होता असं मला म्हणायचं नाही. आपण विकतो त्यावर त्याची श्रद्धा होती, आणि लबाडीपेक्षा श्रद्धेशी वाद घालणं अवघड जातं. शिवाय तो एकटा नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालात "आमच्या संकेतस्थळाचा स्कोअर" छापणारे विश्वस्त, अमुक पानाचा दर्जा वरचा म्हणून तिथली माहिती खरी मानणारे मास्तर, गडचिरोलीबद्दल लिहायचं तर आधी गुगलवर वर काय येतं ते पाहणारे शहरी वार्ताहर, सगळे त्याच ओसरीवर बसले आहेत.

पहिली गोष्ट, तो बारा गुगलचा नव्हताच. शंभरपैकी दिला जाणारा, 'डोमेन ऑथॉरिटी' नावाने ओळखला जाणारा हा आकडा मोझ नावाची अमेरिकी कंपनी काढते. तशाच धर्तीचे आकडे इतर कंपन्याही काढतात. गुगल कुणाला वर ठेवील याचा बाहेर बसून बांधलेला तो अंदाज आहे, आणि गुगल आपली क्रमवारी लावताना हा आकडा वापरत नाही, असं मोझ स्वतःच सांगते. म्हणजे परीक्षा एका बोर्डाची, गुणपत्रिका भलत्याच क्लासची, आणि रडतोय बाप. त्यातही ही मोजपट्टी सरळ नाही. दहावरून वीसवर जाणं सोपं आणि सत्तरवरून ऐंशीवर जाणं महाकठीण, अशी ती मुद्दाम आखलेली आहे. त्यामुळे एकेचाळीस म्हणजे बाराच्या साडेतीनपट चांगलं, हा हिशेब भूकंपाच्या रिश्टरवर त्रैराशिक मांडण्यासारखा आहे. मार्च २०१९ मध्ये मोझने मोजायची पद्धत बदलली तेव्हा जगभरच्या असंख्य संकेतस्थळांचे आकडे हलले. कुणी एक ओळ पुसली नव्हती की एक फोटो बदलला नव्हता.

पण या साऱ्या आकड्यांचा मूळपुरुष खरोखर गुगलचाच, आणि गैरसमजाचं मूळही तिथेच. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी 'पेजरँक' नावाची रीत मांडली. (त्यातलं पेज म्हणजे पान असं जो तो समजतो. ते त्या लॅरीचं आडनाव. गैरसमजाला नावापासूनच सुरुवात आहे.) कल्पना अशी: एक भटक्या आहे. तो एका पानावरून निघतो, त्या पानावर जितक्या वाटा असतील त्यातली एक डोळे मिटून निवडतो, पुढच्या पानावर जातो, तिथून पुन्हा एक. शंभरातल्या साधारण पंधरा वेळा तो कंटाळतो आणि वाट सोडून कुठल्यातरी भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अनंत काळ भटकत राहिला, तर कोणत्या पानावर किती वेळा सापडेल? ते प्रमाण म्हणजे पेजरँक.

आता या भटक्याकडे नीट पाहा. तो वाचत नाही. त्याला काही विकत घ्यायचं नाही, वाघ पाहायचा नाही, खोली नको, जेवण नको. तो खरा माणूसही नाही, गणितातला आहे. एखाद्या पानावर खरोखर किती माणसं येतात, याच्याशी त्याचा संबंध नाही. तिथे लिहिलेलं खरं की खोटं, याच्याशी तर मुळीच नाही. वाटा कुठून कुठे जातात एवढंच त्याला कळतं. नागभीडच्या फाट्यावर गाड्या जास्त थांबतात म्हणून तिथला चहा चांगला, असं आपण म्हणत नाही. फाटा आहे म्हणून थांबतात.

ताडोबात ज्याने सफारी केली आहे त्याला हे गणित न शिकवता कळावं. पांढरपौनीच्या रस्त्यावर एक जिप्सी थांबते. मागून आलेली दुसरी तिच्यामागे थांबते. दहा मिनिटांत दहा जिप्स्या, सगळ्या कॅमेऱ्यांची तोंडं एकाच झुडपाकडे. मी एकदा अशाच रांगेत सातवा होतो. आमच्या गाइडने पुढच्या चालकाला खुणेने विचारलं, काय आहे? त्याने त्याच्या पुढच्याला विचारलं. निरोप परत आला तो असा: "समोरचा थांबला म्हून थांबलो जी." पहिल्या जिप्सीतला माणूस टोपी उडाली म्हणून थांबला होता.

पण याच जंगलात पेजरँकची खरी बुद्धीही दिसते, आणि प्रतिवाद करायचा तर समोरच्याचं बळ आधी मान्य करायला हवं. चितळ ओरडलं की नवखा पर्यटक उठून उभा राहतो, गाइड उठत नाही. चितळ कशालाही घाबरतं. वानराने झाडाच्या शेंड्यावरून खाकरून कॉल दिला तर गाइड कान देतो. आणि सांबर ओरडलं तर चालक गाडी वळवतो, कारण सांबर सहसा फुकट ओरडत नाही. कॉल किती आले यापेक्षा कॉल कुणाचा, याला वजन. पेज आणि ब्रिन यांनी नेमकं हेच केलं. त्याआधीची शोधयंत्रं बहुधा पानावर शब्द किती वेळा आला हे मोजत, म्हणजे चितळांची गर्दी मोजत. यांनी विचारलं की तुझ्याकडे बोट दाखवणारा कोण, आणि त्याच्याकडे कोण बोट दाखवतं? ही मोठी झेप होती, आणि गुगल मोठं झालं ते उगाच नाही.

गडबड पुढे झाली. डिसेंबर २००० मध्ये गुगलने ब्राउझरला जोडायची एक पट्टी काढली आणि तिच्यात प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा ठोकळ आकड्यात दाखवायला सुरुवात केली. झालं. जो आकडा आतल्या यंत्रातल्या अनेक चाकांपैकी एक होता, तो चव्हाट्यावर आला आणि चलन झाला. सातच्या पानावरून दुव्याचा भाव इतका, पाचच्या पानावरून इतका, असा बाजार भरला. एकमेकांकडे बोटं दाखवण्यापलीकडे ज्यांचं काहीच काम नव्हतं अशा पानांची शेती सुरू झाली. म्हणजे सांबराच्या कॉलला भाव आहे म्हटल्यावर लोक झुडपात बसून सांबरासारखं ओरडायला लागले. पट्टीवरचे आकडे गुगलने शेवटचे ताजे केले ते डिसेंबर २०१३ मध्ये, आणि २०१६ साली ते दाखवणंच बंद केलं. मधली दोनेक वर्षं लोक मेलेला आकडा ताजा समजून त्याची खरेदी-विक्री करत होते.

शिळ्या आकड्याचं आपल्याला कौतुक नवं नाही. पूर्वी व्याघ्रगणना पायाच्या ठशांवर व्हायची. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते. २००५ च्या सुमारास कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅपची पद्धत आली. ठसा खोटा नसतो. पण ठसा म्हणजे वाघ नव्हे.

आता 'मता'च्या गोष्टीकडे येतो. दुवा म्हणजे मत, आणि वेब म्हणजे लोकशाही, हे इतक्या वेळा ऐकवलं गेलं आहे की बोलणाऱ्याला त्यात काही सिद्ध करायचं राहिलं आहे असं वाटतच नाही. पण ही कसली लोकशाही, ज्यात मोठ्याच्या मताला हजारपट वजन, एकच माणूस शंभर नावांनी मत देऊ शकतो, आणि ज्याच्याकडे संकेतस्थळ नाही त्याचं नावच यादीत नाही? गडचिरोलीत लोकशाहीचा दाखला हवा असेल तर धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गाव ग्रामसभेत बहुमताने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवतं. एकालाही पटलं नसेल तर पुन्हा बसतात. अभ्यासगट करतात, माहिती काढतात, भांडतात, पुन्हा बसतात. याच रीतीने त्यांनी २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला, आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत हातात घेतलं. त्यानंतर जगभरच्या पानांनी मेंढ्याकडे बोट दाखवलं. पण ज्या वर्षांत गाव खरं काम करत होतं, गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा गावोगाव फिरत होते, त्या वर्षांत भटक्या तिकडे फिरकलाही नसता. आकडा वाढला तो काम झाल्यावर, बातमी झाल्यावर. हा उशीर मोजपट्टीच्या घडणीतच आहे.

यावर शहाणा माणूस म्हणेल, उशिरा का होईना, वाढला ना? मग मोजपट्टी चूक कशी? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्याला पूर्ण जागा देतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची जी संस्था आहे तिचं नाव 'सर्च'. इंग्रजीत तिचं नाव टाकून तिचाच शोध घेणं हा एक वेगळाच विनोद आहे. या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच शिकवलेल्या बाया घरोघर जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, ऊब द्यायच्या, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला, जगभर त्याचे संदर्भ दिले गेले, आणि पुढे भारत सरकारनेही आशा कार्यकर्त्यांमार्फत घरगुती नवजात काळजी देशभर नेली. पेजरँकची कल्पना मुळात आली तीही अशाच संदर्भ मोजण्याच्या जुन्या परंपरेतून. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ सालीच शोधनिबंधांच्या संदर्भांची सूची करावी असं सुचवलं होतं. मग घ्या, संदर्भ मोजले तर गडचिरोलीचं काम वर आलंच की!

आलं, हे कबूल. पण का आलं ते पाहा. संदर्भ देणाऱ्या डॉक्टराला तो निबंध वाचावा लागला. त्याचं स्वतःचं नाव त्या संदर्भाखाली जात होतं. चुकीच्या कामाकडे बोट दाखवलं तर बोटाची अब्रू जाणार होती. आणि या सगळ्याच्या तळाशी होती गावातली वही, जिच्यात प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिलेला होता. निबंधाचं मोल त्या वहीत होतं. संदर्भ त्या मोलाचे साक्षीदार. बोट दाखवायला काही किंमत मोजावी लागते तोवरच बोटांची मोजदाद काही सांगते. वेबवर बोट दाखवणं फुकट झालं, मग विकत मिळू लागलं, आणि साक्षीदार कोर्टाबाहेर रांगेत उभे राहिले. शिवाय विद्वानांच्या जगातही हाच घोळ झालाच. नियतकालिकाची सरासरी पाहून आतल्या एकेका निबंधाला गुण द्यायची खोड तिथेही आहे. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचं सरासरी तापमान पाहून ओसरीवर बसलेल्याला ताप आहे की नाही ते ठरवायचं.

होम-स्टेच्या मालकाचं संकेतस्थळ बाराचं असलं तरी 'मोहर्ली गेटजवळ राहायला' असं कुणी मराठीत टाइप केलं, तर तो एकेचाळीसवाल्याच्या वर दिसू शकतो. पेजरँक हा पानाचा सर्वसाधारण भाव आहे, प्रश्नाचं उत्तर नव्हे. उत्तरात प्रश्नाचे शब्द, भाषा, विचारणारा कुठे उभा आहे, पान किती ताजं आहे, अशा शेकडो गोष्टी मिसळतात. चंद्रपूर, त्याच नावाचं इंग्रजी स्पेलिंग आणि म्हातारे अजून म्हणतात ते चांदा, हे तीन वेगळे शोध आहेत. तिसरा इंग्रजी अक्षरांत टाकला तर वर्गणीही ('चंदा') निघू शकते आणि एखादी हिंदी नायिकाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना थोडं. यांचं म्हणणं, गुगल आपल्याला मुद्दाम दाबतं. गडचिरोली टाकलं की चकमक दिसते, जंगल दिसत नाही, हा कट आहे. मला राग समजतो, त्यामागचं निदान पटत नाही. यंत्राला आपल्याशी वैर धरण्याइतकीही ओळख नाही. बोटं बाहेरच्यांची आहेत, आणि बाहेरच्यांना आपल्याकडे बोट दाखवावंसं वाटतं ते चकमक झाली तेव्हाच. चामोर्शीजवळचं मार्कंडा घ्या. वैनगंगेच्या काठावरचं ते कोरीव मंदिर, पण त्याचीही ओळख करून देताना जो तो 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतो. तिथेही बोट आधी मध्य प्रदेशाकडे जातं.

आणि जे आपलं खरं लोकप्रिय आहे त्याला बोटांची गरजच पडली नाही. वडसा-देसाईगंजात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. गावाने मंडई किंवा शंकरपट ठेवला की नाटक हवंच. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे पडतो, आणि थंडीत घोंगडी पांघरून माणसं हलत नाहीत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांचे प्रयोग पाच हजारांवर झाले असल्याचं सांगितलं गेलं. या लोकप्रियतेचा दुवा कुठे आहे? ती पोस्टरवर आहे, फोनवरच्या तारखेत आहे, 'यंदा त्यांचंच नाटक आणू' म्हणणाऱ्या गावकऱ्याच्या तोंडात आहे. मराठीतही ही झाडी बोली थोडीच छापली जाते, माडिया-गोंडी तर त्याहून कमी. जून २०२४ मध्ये गुगलने भाषांतरासाठी ११० नव्या भाषा जाहीर केल्या. त्यात सात भारतीय होत्या, गोंडी नव्हती, आणि २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या दिवशी भटक्या तिथे पोचत नाही म्हणून भामरागड नाही, असं कुणी लिहीत नाही.

गुगल 'ट्रेंड्स'चा शंभरही असाच फसवतो. गडचिरोलीचा आलेख शंभरला टेकला म्हणजे शंभर माणसांनी शोधलं असं नाही, शंभर टक्के लोकांनीही नाही. निवडलेल्या काळात आणि भागात, एकूण शोधांच्या प्रमाणात, त्या शब्दाचं जे शिखर होतं त्याला शंभर म्हटलेलं असतं, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. शिखर टेकडीएवढं की हिमालयाएवढं, ते आलेखावर कळत नाही. संकेतस्थळांची 'अलेक्सा' क्रमवारीही वर्षानुवर्षं देवासारखी पूजली गेली. ज्यांनी तिची पट्टी आपल्या ब्राउझरला बसवली होती, मुख्यतः त्यांच्याच हालचालीवरून ती काढली जाई. अहेरीतला मोबाइलवाला त्या हिशेबात कधी नव्हताच. १ मे २०२२ रोजी अॅमेझॉनने ती बंद केली. अहवालांतून छापलेले क्रमांक मात्र तसेच उरले.

शिळ्या आकड्याचा सर्वांत धडधडीत दाखला आपल्या ताडोबाचाच. सफारीचं ऑनलाइन बुकिंग एका खाजगी एजन्सीमार्फत चालत होतं. २०२३ साली पैशांच्या थकबाकीवरून प्रकरण पोलिसांत आणि कोर्टात गेलं, आणि बुकिंग शासनाच्या महाफॉरेस्टच्या नव्या पत्त्यावर आलं. त्या दिवशी काय झालं पाहा. तोवर प्रवासवर्णनांतून, हॉटेलांच्या पानांतून, वर्तमानपत्रांतून जमलेली सगळी बोटं जुन्या पत्त्याकडे. नव्या पत्त्याकडे जवळजवळ एकही नाही. बोटांचीच मोजदाद केली तर जुना भरभक्कम, नवा केविलवाणा. आणि खरं बुकिंग होत होतं ते फक्त नव्यावर.

हे सगळं मी होम-स्टेच्या मालकाला याच क्रमाने सांगितलं नाही. त्याला मी म्हटलं, तुझ्या संकेतस्थळावर एवढं लिही. मंगळवारी ताडोबा बंद. पावसाळ्यात तीन महिने कोअर बंद, बफर चालू. चंद्रपूर स्टेशनवरून यायला गाडी कुठे मिळते, सकाळच्या फेरीसाठी किती वाजता उठवतोस, कोणत्या कंपनीच्या सिमला तुझ्याकडे रेंज येते, आणि बुकिंगचा खरा पत्ता कोणता. त्याने वहीच्या पाठच्या पानावर सगळं उतरवून घेतलं, दोनदा विचारून. मग पेन कानाला लावून थोडा वेळ गप्प बसला.

"भाऊ, पण यानं तो बाराचा आकडा वाढंल का?"